सांगलीचे रेल्वे स्थानक: पाच मैलांच्या फाट्यापासून मुख्य मार्गापर्यंत

हरिपूरचा वाटसरू (धागाकर्ता):

सांगलीत पहिल्यांदा आलेला माणूस स्टेशन चौकात रिक्षातून उतरतो आणि समोरच्या दुकानदाराला स्टेशन कुठे आहे असे विचारतो, हा प्रसंग मी लहानपणापासून अनेकदा पाहिला आहे. चौक आहे, त्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, पण त्या नावातले स्टेशन तिथून हलून अर्धशतक उलटले आहे. आजचे सांगली स्थानक पुणे–मिरज मुख्य मार्गावर आहे. ही जागा का बदलली, त्यात गावाने काय मिळवले आणि काय गमावले, आणि आज त्या स्थानकावर कोणत्या सोयी असायला हव्यात, याचा एकत्र विचार व्हावा म्हणून हा धागा काढत आहे. इतिहास आणि सोयी हे दोन वेगळे विषय आहेत असे मला वाटत नाही, कारण आज आपल्याला जी गैरसोय वाटते तिचे मूळ बहुतेक वेळा रूळ कुठून नेले गेले यातच सापडते.

आपल्या भागातल्या रेल्वेचा उगम दुष्काळात आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन आणि कर्नाटक होरपळून निघाले तेव्हा धान्य असलेल्या मुलखातून ते नसलेल्या मुलखात वेळेवर पोचवता आले नाही. पुढे अशा भागांतून लोहमार्ग न्यायचे ठरले आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. तिचे रूळ मीटरगेजचे, म्हणजे एकमेकांपासून एक मीटर अंतरावरचे होते, कारण ते कमी खर्चात टाकता येत. पुण्याहून निघालेला हा मार्ग सालप्याहून आदर्कीचा घाट चढतो, वाठारनंतर कोरेगाव, रहिमतपूर, मसूर असा कृष्णेच्या खोऱ्यात उतरतो आणि कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत नदीच्या पूर्वेकडून येतो. नकाशा समोर ठेवला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, कऱ्हाड कृष्णा-कोयनेच्या संगमावर, सांगली कृष्णेच्या काठावर, आणि या मार्गाने तिन्ही गावांना बाजूला ठेवले. मिरज तेवढी थेट रुळावर आली. १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाचा फाटा मिरजेहून सुरू झाला आणि मिरज जंक्शन बनली.

सांगलीकरांना हे किती लागले असेल याची कल्पना करता येते. मिरजेच्या पटवर्धनांच्या घरातून चिंतामणराव आप्पासाहेब १८०१ मध्ये वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केली. नव्वद वर्षांत हळद आणि गुळाची पेठ म्हणून गाव नावारूपाला आले, पण आगगाडी थांबली ती मिरजेत. शेवटी सांगली संस्थानाने आपल्या मालकीचा मिरज ते सांगली असा पाच मैलांचा मीटरगेज फाटा टाकला आणि तो १९०७ मध्ये सुरू झाला. गाड्या चालवण्याचे काम सदर्न मराठा कंपनीकडेच होते. १९०८ मध्ये त्या कंपनीचे मद्रास रेल्वेशी एकत्रीकरण होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, आणि आमच्या घरातली जुनी माणसे पुष्कळ वर्षे तिला 'एमएसएम' असेच म्हणत.

या फाट्याचे शेवटचे टोक गावात होते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माझे आजोबा वखारभागातल्या एका हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. पोती मोजून, वजनाच्या चिठ्ठ्या लावून, हातगाड्यांवरून स्टेशनात पोचवेपर्यंत त्यांना दुकान सोडून फार लांब जावे लागत नसे. मिरजेकडून येणाऱ्या गाडीची शिटी दुकानात ऐकू येई आणि त्यावर ते खतावणी मिटत, असे ते सांगत. पेठ, वखार आणि मालधक्का एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असणे ही त्या काळातली सर्वांत मोठी सोय होती आणि तिच्यासाठी कोणाला निवेदन द्यावे लागले नव्हते.

पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज, म्हणजे रुंद मापाचा झाला आणि त्या वेळी मार्गाची आखणी बदलून सांगली मुख्य मार्गावर घेतली गेली. मिरजेला गाडी बदलण्याचा जाच संपला, मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस थेट सांगलीत थांबू लागली, आणि हा लाभ लहान नव्हता. मात्र गावातले स्टेशन गेले. पाच मैलांचा फाटा काढून संस्थानाने जे अंतर मिटवले होते, त्यातले थोडे अंतर गावाच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा उभे राहिले.

आता आजच्या सोयींकडे येतो. १६ सप्टेंबर २०२४ पासून पुणे–कोल्हापूर आणि पुणे–हुबळी या दोन वंदे भारत गाड्या सुरू झाल्या आणि दोन्ही सांगलीत थांबतात. स्थानकांच्या नूतनीकरणासाठीच्या अमृत भारत स्थानक योजनेच्या यादीत सांगली, सातारा, कऱ्हाड ही आपली स्थानके आहेत. पुणे–मिरज या सुमारे २८० किलोमीटरच्या मार्गाच्या दुहेरीकरणाने आणि विद्युतीकरणाने प्रवासाचे रूपच बदलत आहे. माझी काळजी अशी आहे की या सगळ्यात इमारतीच्या दर्शनी भागाची चर्चा अधिक होते आणि प्रवासी घराच्या उंबऱ्यापासून डब्याच्या पायरीपर्यंत कसा पोचतो, याची कमी. रात्री उशिरा किंवा पहाटे उतरणाऱ्याला शहर बस मिळते का, फलाटाच्या शेवटच्या टोकाला थांबणाऱ्या डब्यासमोर छप्पर आहे का, पिण्याच्या पाण्याचा नळ किती अंतरावर आहे, हे प्रश्न मला दर्शनी कमानीपेक्षा मोलाचे वाटतात. साधा हिशेब करू. एलएचबी या नव्या बनावटीचा एक डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. असे २४ डबे जोडले की इंजिन न धरता गाडी सुमारे ५७६ मीटर होते, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक. इतक्या लांब फलाटावर छप्पर मधल्याच भागात असेल तर दोन्ही टोकांचे प्रवासी आषाढात भिजतच गाडीत चढणार.

ज्यांच्याकडे जुन्या फाट्याच्या आठवणी आहेत, किंवा ज्यांना स्थानकांच्या रचनेची माहिती आहे, त्यांनी अवश्य लिहावे. साताऱ्याकडच्या स्थानकांविषयी लिहिले तरी ते याच विषयात बसते.

जरंडेश्वर:

वाटसरू, आपण साताऱ्याला आवतण दिलेच आहे, म्हणून लिहितो. साताऱ्याचे दुखणे सांगलीसारखेच आहे, फक्त आमच्याकडे गावात येणारा फाटा कधी झाला नाही.

स्थानकाच्या नावापुढे 'रोड' हा शब्द दिसला की ओळखावे, गाव तिथून लांब आहे आणि तिकडे जाणारा रस्ता तेवढा इथून निघतो. मीटरगेजच्या काळात साताऱ्याच्या माणसाचे स्टेशन 'सातारा रोड' होते. पाडळीजवळच्या त्या वस्तीला आजही सातारारोड हेच नाव आहे. महाबळेश्वरला जाणाऱ्यांना तर वाठारला उतरून वाई-पाचगणीमार्गे गाडीरस्त्याने चढावे लागे. ब्रॉडगेज करताना मार्ग साताऱ्याच्या जवळ आणला गेला आणि आजचे सातारा स्थानक माहुलीजवळ आले, तरीही शहरापासून ते पाच-सहा किलोमीटर दूरच राहिले.

हे अंतर काय असते, याची सर्वांत वेदनादायक नोंद आपल्याच मार्गावरची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. त्यांचे वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगाव येथे खजिनदाराचे काम करत होते. १९०१ मधल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना तिकडे बोलावले. घरापासून स्टेशन दहा मैल लांब होते, म्हणून टांगा करून मुले स्टेशनावर आली, तिकिटे काढून गाडीत बसली आणि संध्याकाळी मसूरला उतरली. येत असल्याचे पत्र वडिलांना मिळाले नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटके कपडे घातलेली मुले पाहून स्टेशन मास्तरांनी चौकशी केली आणि आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच त्यांचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण दुप्पट भाडे देऊ केले तरी एकही गाडीवान तयार होईना. अखेर मास्तरांनीच सुचवलेल्या तोडग्यावर एकाने होकार दिला: भाडे दुप्पट घ्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. सोबत खाण्याचा डबा होता, पण त्या रात्री वाटेत कोणीही पाणी दिले नाही. बाबासाहेबांनी ही हकीकत पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

सोयींच्या चर्चेत मी ही हकीकत मुद्दाम मांडतो आहे. रेल्वेने तिकीट घेणाऱ्या मुलाला डब्यात बसू दिले, पण फलाटाच्या बाहेर पाऊल टाकताच गावाची जात त्याच्या वाटेत आडवी आली. स्थानकावर पाण्याचा नळ, बसायला जागा आणि पुढच्या प्रवासाचे वाहन या तीन गोष्टी कोणाच्या मर्जीवर अवलंबून असू नयेत, हा आग्रह मसूरच्या फलाटावरूनच शिकावा. मसूर आजही या मार्गावरचे स्थानक आहे आणि तिथून जाताना दर वेळी मी खिडकीतून त्या पाटीकडे पाहतो.

ओगलेवाडीकर:

कऱ्हाडचे स्थानकही गावात नाही, ते ओगलेवाडीत आहे. १९१६ मध्ये इथे ओगल्यांचा काच कारखाना निघाला आणि 'प्रभाकर' कंदील इथून घरोघरी गेला. काचेसारखा नाजूक माल बैलगाडीने लांब न्यायचा नसेल तर कारखाना रुळाशेजारीच हवा. गाव लांब होते म्हणून स्टेशनजवळ मोकळी जमीन होती, आणि मोकळी जमीन होती म्हणून कारखाना आला, असे आमच्याकडची जाणती माणसे सांगत. पुढच्या किर्लोस्करवाडीचेही तेच. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली ती 'कुंडल रोड' स्टेशनाजवळच्या माळावर, आणि पुढे स्टेशनाचे नावच किर्लोस्करवाडी झाले.

जरंडेश्वर:

ओगलेवाडीकर, यात आमच्या सातारारोडची भर घाला. धनजीशा कूपर यांचा लोखंडी नांगरांचा आणि पुढे डिझेल इंजिनांचा कारखाना तिथेच उभा राहिला. हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे काही महिने पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते. स्टेशन तिथून गेले तरी कारखान्याने वस्तीला नाव आणि काम दोन्ही दिले.

गेजमापक:

रेल्वेच्या सेवेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली आहेत. मिरजेत नोकरीचा मोठा काळ गेला, त्यामुळे काही गोष्टी जोडतो.

सांगलीच्या फाट्याची गोष्ट मिरजेशिवाय पुरी होत नाही, कारण मिरज हे तिन्ही मापांचे रूळ एकत्र असलेले ठिकाण होते. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, मीटरगेज १००० आणि नॅरोगेज ७६२. हा तिसरा रूळ बार्शी लाइट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी रोड म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून बार्शी गावापर्यंत ती सुरू केली, पुढे ती पंढरपूरला आणि लातूरला गेली आणि १९२७ मध्ये मिरजेला येऊन मिळाली. १९५४ मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली. पुण्याकडचा मार्ग ब्रॉडगेज झाल्यावरही बेळगावकडचा मीटरगेज आणि पंढरपूरकडचा नॅरोगेज तसेच राहिले, त्यामुळे एकाच आवारात तीन मापांच्या गाड्या उभ्या असत. एका मापाच्या वाघिणीतला, म्हणजे मालडब्यातला, माल दुसऱ्या मापाच्या वाघिणीत हमालांच्या पाठीवरून जाई. हळदीचे पोते दोनदा उतरले की वजन घटते आणि गुळाची ढेप दोनदा आपटली की फुटते, ही तक्रार व्यापारी नेहमी करत आणि ती खरी होती. गेज बदलणे म्हणजे नुसती गाडी वेगाने धावणे नव्हे, हे मिरजेत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्याचा सर्वांत मोठा पुरावा एप्रिल २०१६ मध्ये मिळाला. लातूरला पिण्याचे पाणी उरले नव्हते. कृष्णेचे पाणी मिरजेत दहा टँकर-वाघिणींत भरले गेले आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी ११ एप्रिलला निघाली, ती दुसऱ्या दिवशी लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या. ही गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी त्याच जुन्या नॅरोगेजच्या वाटेने गेली, जी एकविसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली होती. ती झाली नसती तर टँकरची वाघीण मिरजेच्या बाहेर पडू शकली नसती. त्या जुन्या वाटेवरच्या रुळांनी दुष्काळात पाणी वाहिले, हे पाहायला मी निवृत्तीनंतरही यार्डाबाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

आता सोयींविषयी. रेल्वेत पूर्वी स्थानकांना उत्पन्नानुसार ए-वन, ए, बी अशी अक्षरे दिली जात. २०१७ पासून उपनगरी, बिगरउपनगरी आणि थांबा असे तीन गट झाले आणि प्रवासीसंख्या व उत्पन्न दोन्ही पाहून प्रत्येक गटात श्रेणी लावली गेली. कोणत्या स्थानकावर किती नळ, किती बाक, किती छप्पर, पादचारी पूल असावा की नाही, हे या श्रेणीवरून ठरते. इथे विश्रामबागचा विचार करावा असे मी सुचवतो. सांगली आणि मिरज यांच्यामधले हे स्थानक आहे. १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड अशी एकच महापालिका झाली, म्हणजे विश्रामबाग आता भर शहरात आहे आणि शब्दशः उपनगराचे स्थानक आहे. पण रेल्वेच्या भाषेत उपनगरी म्हणजे लोकल गाड्यांचे जाळे असलेली मुंबई, कोलकाता, चेन्नई यांसारखी शहरे. त्यामुळे वस्ती कितीही वाढली तरी विश्रामबाग त्या गटात बसत नाही, आणि तिथे तिकिटे कमी खपतात म्हणून सोयीही कमी मंजूर होतात. सोयी नाहीत म्हणून लोक मिरज किंवा सांगलीला जाऊन गाडी पकडतात आणि तिकिटांची नोंदही तिथेच होते. हे चक्र तोडायचे असेल तर विश्रामबागच्या रहिवाशांनी तिथूनच तिकीट काढावे. आता मोबाइलवरच्या रेल्वेच्या ॲपवरूनही अनारक्षित तिकीट निघते. तिकीट काढताना सुरुवातीचे स्थानक विश्रामबाग निवडले की त्याची नोंद योग्य खात्यात पडते.

एक व्यावहारिक सूचनाही करतो. सांगली, विश्रामबाग आणि पुण्यापर्यंतची स्थानके मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहेत. मिरजेहून कुर्डुवाडीकडचा मार्ग सोलापूर विभागात जातो आणि बेळगावकडचा नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागात. अर्ज चुकीच्या विभागाकडे गेला की तो फिरत राहतो, म्हणून निवेदनावर विभागाचे नाव आधी नीट पाहून घ्यावे.

वसुधा (विश्रामबाग):

गेजमापक काका, आपण विश्रामबागचा उल्लेख केलात याचा मनापासून आनंद झाला. १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय सांगली आणि मिरज यांच्या मधल्या माळावर निघाले ते दोन्ही गावांच्या मुलांना सोयीचे पडावे म्हणून. माझ्या आईने त्याच महाविद्यालयात शिक्षण घेतले. पुढे वानलेसवाडी, विश्रामबाग, वालचंद महाविद्यालयाचा परिसर अशी वस्ती वाढत गेली आणि दोन गावांमधली मोकळी जागा संपली.

मला एका वेगळ्या प्रवाशाविषयी लिहायचे आहे. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरच्या बाजूने रुग्ण मिरजेला येत राहिले. आज सांगली-मिरजेत रुग्णालयांची संख्या किती तरी वाढली आहे. या दोन्ही स्थानकांवर उतरणाऱ्यांमध्ये रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक नेहमीच पुष्कळ असतात. अशा ठिकाणी जिना ही सोय नसून अडथळा असतो.

गेल्या वर्षी आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यावर तिला गाडीने आणत होते. स्थानकाचे नाव लिहीत नाही, कारण मला कोणाविरुद्ध तक्रार मांडायची नाही. गाडी येण्याच्या पाच मिनिटे आधी फलाट बदलल्याची घोषणा झाली. आई चाकाच्या खुर्चीत होती आणि पलीकडे जायला फक्त जिना होता. चार अनोळखी तरुणांनी तिला खुर्चीसकट उचलून पूल ओलांडून दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, पण आईने त्या रात्री जे शब्द काढले ते अजून कानात आहेत. ती म्हणाली, "मी सामान झाले ग." तिने आयुष्यभर शिक्षिकेची नोकरी केली होती.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. उतार असलेला रस्ता किंवा उद्वाहन (लिफ्ट) हे जिन्याइतकेच आवश्यक मानले जावे. ज्या गाडीत चाकाच्या खुर्चीतल्या प्रवाशाचे आरक्षण आहे ती गाडी शक्यतो मुख्य इमारतीला लागून असलेल्या फलाटावर घ्यावी आणि ऐनवेळी बदलू नये. काकांनी फलाटाच्या उंचीविषयीही थोडे सांगावे. काही ठिकाणी डब्याची पायरी गुडघ्याच्या वर येते आणि वृद्ध स्त्रियांना वर ओढून घ्यावे लागते.

गेजमापक:

वसुधाताई, आपल्या आईंचे शब्द वाचून मन जड झाले.

फलाटांच्या तीन उंची प्रचलित आहेत. रुळाच्या पातळीवरचा, मध्यम म्हणजे रुळापासून ४५५ मिलिमीटर उंचीचा, आणि उंच म्हणजे ७६० ते ८४० मिलिमीटरचा. लहान स्थानके बांधली गेली तेव्हा बहुतेक फलाट खालच्या पातळीचेच होते. उंच फलाटावरूनही डब्यात शिरताना थोडे चढावे लागते, पण रुळाच्या पातळीवरून चढणे हे शिडी चढण्यासारखे असते. दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात पंचवीस-तीस माणसे अशी चढायची म्हटली तर मागचे लोक ढकलणारच. फलाट उंच करण्याचे काम दुहेरीकरणाबरोबरच होणे सोपे जाते, कारण त्या वेळी रूळ आणि फलाट यांची मापे नव्याने घेतली जातात. एकदा खडी पडून गाड्या धावू लागल्या की तेच काम फार अवघड होते. निवेदन द्यायचे असेल तर ते असे काम चालू असतानाच द्यावे.

दुसरे असे की उतार करताना तो किती चढा आहे हेही पाहावे लागते. बारा फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, यापेक्षा तीव्र उतारावर खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते आणि उतरताना ती हातातून सुटण्याची भीती असते. अंध प्रवाशांसाठी उठावदार फरश्यांची पट्टी, कमी उंचीवरचा नळ आणि रुंद दाराचे स्वच्छतागृह यांचा समावेशही दिव्यांगांसाठीच्या सोयींत होतो. यांतली एकही गोष्ट महागडी नाही.

हरिपूरचा वाटसरू (धागाकर्ता):

सर्वांचे आभार. ओगलेवाडीकर आणि जरंडेश्वर यांच्या प्रतिसादांनी माझ्या मूळ मांडणीत एक दुरुस्ती केली आहे. गावापासून दूरचे स्टेशन म्हणजे केवळ गैरसोय, असे मी धरून चाललो होतो. कुंडल रोड, ओगलेवाडी, सातारारोड यांकडे पाहिले की त्या दुरीनेच नवी गावे वसवली हे मान्य करावे लागते. आमच्या शेजारच्या माधवनगरची गोष्टही याच वळणाची आहे. बुधगावच्या पटवर्धनांच्या जहागिरीत रुळाच्या कडेला वसलेले हे गाव कापडगिरणीमुळे वाढले. या रांगेत सांगलीचे वेगळेपण एवढेच की इथे आधीच तयार असलेली पेठ होती आणि तिने रुळाकडे जाण्याऐवजी रूळच आपल्याकडे ओढून आणले.

मात्र सांगलीच्या या वेगळेपणामुळेच स्टेशन हलल्याचा घाव इथे अधिक खोल गेला. किर्लोस्करवाडीत स्टेशन जागेवर राहिले, म्हणून कारखान्यातला कामगार आजही चालत फलाटावर येतो. आमची पेठ जुन्या जागी राहिली आणि माल ट्रकवर चढला. हळद-गुळाचा व्यवहार रेल्वेकडून रस्त्याकडे गेला त्याला इतरही कारणे आहेत हे मी जाणतो, तरी मालधक्का वखारभागाच्या हाकेवर असता तर हा बदल इतका पूर्णपणे झाला नसता असे माझे मत आहे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या हळदीचे एखादे विक्रीकेंद्र स्थानकावर असावे, असे मला मनापासून वाटते. उतरणाऱ्या प्रवाशाला गावाची ओळख फलाटावरच व्हावी.

वसुधाताई, आपली मागणी मी निवेदनाच्या मसुद्यात पहिल्या क्रमांकावर घेतली आहे. बसचा मुद्दा दुसरा ठेवला आहे: वंदे भारत आणि रात्रीच्या एक्सप्रेस गाड्यांच्या वेळांना जोडून स्थानक, स्टेशन चौक आणि विश्रामबाग अशी शहर बस मिळावी. ही मागणी रेल्वेकडे करून उपयोग नाही, ती महापालिका आणि एसटी यांच्याकडे स्वतंत्रपणे करावी लागेल.

पासधारक:

मी रोज मिरज ते किर्लोस्करवाडी जाऊन-येऊन नोकरी करतो. वरची चर्चा लांब पल्ल्याच्या प्रवाशांकडे झुकली आहे, म्हणून रोजच्या प्रवाशांची बाजू मांडतो.

आमच्यासाठी सर्वांत मोठी सोय म्हणजे गाडीची वेळ. फलाटावर संगमरवर बसवले आणि सकाळची पॅसेंजर पाऊण तास उशिरा आली तर कारखान्यात अर्धा दिवस कापला जातो. मार्ग एकेरी असताना समोरून येणाऱ्या गाडीसाठी नांद्रे, भिलवडी, आमणापूर अशा एखाद्या स्थानकात थांबून राहणे हे ठरलेले होते. दुसऱ्या रुळामुळे ते थांबणे संपावे अशी अपेक्षा आहे. मात्र मोकळा झालेला वेळ जलद गाड्यांना देऊन पॅसेंजर पुन्हा बाजूलाच उभी करू नये, एवढे निवेदनात लिहावे.

पासाविषयी अनेकांना पुरेशी माहिती नसते. मासिक पास जास्तीत जास्त १५० किलोमीटर अंतरासाठी मिळतो. तीन महिन्यांचा पास काढला तर त्याला मासिक पासाच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे तीन वेळा वेगळा पास काढण्यापेक्षा स्वस्त पडतो आणि रांगही वाचते. रोज एसटीने जाणाऱ्या माणसाने हा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा.

भिलवडीची वाचक:

पासाचा विषय निघाला आहे म्हणून विचारते. माझी मुलगी यंदा अकरावीला विश्रामबागजवळच्या महाविद्यालयात जाणार आहे. तिला भिलवडीहून पास मिळेल का, आणि तो सांगलीपर्यंत काढावा की विश्रामबागपर्यंत?

पासधारक:

ताई, विद्यार्थ्यांना घर ते शाळा-महाविद्यालय या अंतरासाठी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास सवलतीत मिळतो. त्यातही मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत हा पास मोफत आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयातून सवलतीचा अर्ज भरून, शिक्का घेऊन तो तिकीट खिडकीवर द्यावा लागतो. पास विश्रामबागपर्यंतचाच काढा. तिथे पॅसेंजर गाड्या थांबतात, आणि ज्या दिवशी एक्सप्रेसची वेळ सोयीची असेल त्या दिवशी सांगलीला उतरून बसने जाता येईल. मात्र कोणत्या एक्सप्रेसमध्ये पास चालतो हे खिडकीवर आधी विचारून घ्या.

गेजमापक:

आणि ताई, अर्जावर शेवटचे स्थानक 'विश्रामबाग' असेच लिहा. आधी सांगितलेल्या नोंदीत तुमच्या मुलीचा पासही मोजला जाईल.